हवेतली पाटी

सगळ्यात आधी आला तो नावांचा दलाल. त्याला दहाला बोलावलं होतं, पठ्ठ्या आठलाच दारात. मी अजून वेणी घालत होते. "लवकर आलो का आजी?" म्हणे. म्हटलं, "आलात ते आलात, आता त्या स्टुलावर बसा. खुर्च्या साक्षीदारांच्या आहेत." बसला बिचारा, गुडघे कानाशी घेऊन. सूनबाईनं चहा दिला. मग खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, मग समोरचा इस्त्रीवाला आला, आणि सगळ्यात शेवटी वकीलबाई, ज्यांनी खरं तर आधी यायला हवं होतं. थोरल्याला आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचं होतं, त्यालाही उशीर झाला. नात मात्र कचेरीला सुट्टी टाकून सकाळपासून माझ्याजवळ होती.

नावांचा दलाल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर कुणाला वाटायचं लग्नं जुळवतो. इंटरनेटवर दुकानाला, माणसाला, कशालाही एक नाव घ्यावं लागतं, त्या नावांची हा खरेदी-विक्री करून देतो. माझ्याकडे असं एक नाव आहे. ते त्याच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाला हवंय. दर वर्षी विचारतो, दर वर्षी मी नातीकरवी नाही म्हणून कळवते. या खेपेला म्हटलं, येऊ दे घरी. मृत्युपत्रातच लिहून दाखवते की माझ्यामागंही ते विकायचं नाही. नाव मुळी माझं नाहीच. माझ्या धाकट्याचं आहे, आणि धाकटा कुठं आहे ते मला ठाऊक नाही.

इथवर वाचून वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते."

"मग कशी असते?"

"आधी तुम्ही कोण ते. मग शुद्धीवर आहात ते."

"शुद्धीवर नसते तर एवढं लक्षात राहिलं असतं का?"

तरी लिहिते. खोडाखोड चालत नाही म्हणतात, म्हणून वरचंही राहू दे.

तर मी, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची बायको, थोरल्याची आणि धाकट्याची आई, एका नातीची आजी, वयानं ऐंशीला टेकलेली, शाळा दुसरीपर्यंत, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, माझ्यावर कुणी दाब टाकलेला नाही, आणि टाकायची इथं कुणाची छातीही नाही. डॉक्टरीणबाईंनी खात्रीसाठी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" म्हटलं, "बुधवार. आणि तुमच्या दवाखान्यातलं कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावर आहे." त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

हे मी माझ्या हातानं लिहितेय. दुसरीनंतर अक्षरं शिकले ती आमच्या यांच्या हाताखाली. हे खडूनं अक्षराची बाहेरची रेघ काढायचे, मी आत रंग भरायची. निम्म्या बाजाराची नावं मी अशी आतून भरली आहेत. त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो, पण अक्षर वाकडं झालं तर मी त्याला सोडत नाही. या कागदावर कुठं वेलांटी जाड दिसली तर ती कौतुकानं दिली आहे असं समजावं.

कलम पहिले. या दोन खोल्या थोरल्याच्या आणि सूनबाईच्या, दोघांच्या नावावर. एकट्या थोरल्याच्या नको. का ते सूनबाईला माहीत आहे आणि थोरल्यालाही. एकच अट. खिडकीच्या कट्ट्यावर सामान रचायचं नाही. तिथून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसतो, आणि मी तिथं बसून काय बघते ते विचारायची आजवर कुणाला गरज पडली नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते नातीचं. किती आहे ते इथं लिहीत नाही, थोरला लगेच बेरीज करतो. शिलाईचं यंत्र सूनबाईचं. मी जिवंत असताना तिनं त्याला हात लावला तर टोकत होते, माझ्यामागं टोकणार नाही.

कलम तिसरे, यांची हत्यारं. ब्रश, डबे, सुतळी, हाताखाली धरायची काठी, सगळं थोरल्यालाच द्यायला हवं, पण तो आता यंत्रातून छापतो, पाट्या कापडासारख्या गुंडाळून देतो. बापाच्या दुकानाचं नाव 'वळणदार'. केवढं गोड नाव. यानं नवं दुकान काढलं तेव्हा ते बदलून 'डिजिटल वर्ल्ड' ठेवलं. म्हटलं, "अरे, त्यात काय वर्ल्ड आहे, दीड खणाचं दुकान." म्हणाला, "आई, आता असंच चालतं." चालू दे. पण ब्रश वाळून काठी झालेले मी पाहू शकत नाही, म्हणून ते नातीला. तिनं टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवावेत, कुणाला तरी लागतील.

शिडी मी इस्त्रीवाल्याला देणार होते. पण वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. इस्त्रीवाल्याला म्हटलं, "शिडी हवी की सही करतोस?" तो म्हणाला, "सही करतो आजी." एवढा मोठेपणा बघून डॉक्टरीणबाईंना भरून आलं. त्यांना ठाऊक नाही की शिडी यांच्या जाण्याच्या आधीपासून त्याच्याच माडीवर आहे, दोन दिवसांसाठी म्हणून नेलेली. तर शिडी माझ्या मालमत्तेत धरू नये.

कलम चौथे. हे मुख्य.

'वळणदार' हे इंटरनेटवरचं नाव. वकीलबाईंना मी आधी म्हटलं होतं, दोन मुलं आहेत, टिंबाच्या अलीकडचं धाकट्याला लिहा आणि टिंबाच्या पलीकडचं थोरल्याला. म्हणजे कुणाचं मन मोडायला नको. नात पोट धरून हसली. "आजी, ते शेत नाही बांध घालायला. शेपटाशिवाय नाव चालत नाही आणि नावाशिवाय शेपूट." नावामागं टिंब देऊन जे लावतात त्याला आमच्या घरात शेपूट म्हणतात.

नात नावं नोंदवून देणाऱ्या कचेरीत आहे. तिच्याकडून ऐकायला मला इतकं आवडतं की ती आली की मी आधी रेघच विचारते. किती नावं नोंदली गेली त्याची एक रेघ म्हणे कचेरीत भिंतीवर दिसते. मोठ्या आजारात सगळे घरात कोंडले गेले तेव्हा ती रेघ दुधासारखी उतू गेली. ज्याच्या दुकानाला कुलूप लागलं त्यानं हवेत पाटी लावली. पुढं दुकानं उघडली, आणि पुष्कळांनी पुन्हा पैसे भरलेच नाहीत, रेघ खाली बसली. आता परत चढतेय. आखूड, सुटसुटीत नावं तर केव्हाच संपली, म्हणून नवनव्या शेपट्या निघाल्यात. पूर्वी मोजक्या होत्या, आता दुकानाची वेगळी, क्लबाची वेगळी. सध्या विचार करणाऱ्या यंत्रांचं खूळ आहे, तर त्या शेपटीवर उड्या. आपल्या अक्षरांतही नाव घेता येतं म्हणे. आणि काही जण तर नावं घेऊन नुसते बसून राहतात, धनावरच्या भुजंगासारखे, कधीतरी कुणी नाक घासत येईल म्हणून.

मला याचं हसू येतं. हे सगळं मी पाट्यांवर आधीच पाहिलंय. एके काळी प्रत्येकाला 'न्यू' हवं असायचं. दुकान आजोबांच्या वेळचं, पण न्यू. मग 'सुपर' आलं. मग 'पॅलेस'. एकाचं दाढीचं दुकान, आत एकच खुर्ची, आम्ही त्याला पॅलेस रंगवून दिला. हे म्हणायचे, "हौस सगळ्यांना नावाची. रंगाला परत हात द्यायचा असतो ते कुणाच्या ध्यानात नसतं." हवेतल्या पाटीचंही तेच. ती कुणाला कायमची मिळत नाही, मुदतीनं मिळते. मुदतीत भरलं नाही की नाव सुटतं, आणि टपून बसलेलं कुणीही उचलतं.

आमचं नाव धाकट्यानं घेतलं होतं, आमच्या गल्लीत कुणाला हा प्रकार माहीत नव्हता तेव्हा. मोठ्या उत्साहानं बापाला सांगायला आला, "बाबा, वळणदारची पाटी आता सगळ्या जगात दिसेल." हे शिडीवर होते. म्हणाले, "पाटी भिंतीवर असते. हवेत पाट्या लावायच्या असतील तर हवेतच राहा." यांना बोलायची अशी सवयच होती, त्याचा अर्थ फार खोल नसायचा. पण पोरगंही यांचंच. त्याच आठवड्यात पिशवी भरून गेलं. पुढल्या वर्षी रस्ता रुंद झाला, दुकान पाडलं, दुकानामागची राहती जागा गेली, फोन गेला, आम्ही इथं आलो. त्यानं जुन्या पत्त्यावर काही पाठवलं असेल तर ते त्या डांबराखाली आहे.

मग एक दिवस नात कचेरीतून आली ती बूट न काढताच म्हणाली, "आजी, वळणदार सुटलंय. काकानं मुदत भरली नाही." इतकी वर्षं भरत होता म्हणजे होता कुठंतरी. आता भरलं नाही म्हणजे काय समजायचं? मी म्हटलं, "आधी ते उचल. विचार मागून करू." तिनं माझ्या नावावर घेतलं. काकाची नोंद दुसऱ्याच कचेरीतली, त्याचा पत्ता तिला मिळेना. तेव्हापासून मुदतीचा दिवस आमच्या घरात मी कुणाच्या वाढदिवसासारखा धरते. थोरला म्हणतो, "आई, कोरं पान आहे ते. विकून टाक." कोरं आहेच. त्याचं कारण लिहिते.

यांना मी भीत भीतच सांगितलं. संध्याकाळी हे नातीला म्हणाले, "दाखव ती भिंत." तिनं पडद्यावर काढून दिली. पांढरं पान, दुसरं काही नाही. हे चष्मा पुसून त्याच्यासमोर बसले. मग रोज बसायला लागले. नव्या भिंतीसमोर बसायचे तसेच, एक डोळा बारीक करून, हवेत बोटानं मापं घेत. एकदा म्हणाले, "जागा ऐसपैस आहे. पोरानं भिंत चांगली निवडली." त्याला ऐकू जाईल असं कधी बोलले नाहीत, आणि बोलले ते असं.

नात म्हणाली, "आजोबा, आपल्या पाटीचा फोटो टाकू का तिथं?" हे ठामपणे नाही म्हणाले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. भिंत कितीही रिकामी असो, मालकाला विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. "भिंत त्याची आहे. तो येईल, सांगेल, मग लावू." हे गेले तेव्हाही ते पान तसंच पांढरं होतं. मीही तसंच ठेवलंय.

म्हणून लिहिते. हे नाव माझ्यामागं नातीनं सांभाळावं. मुदत चुकवू नये. कुणीही कितीही देऊ केलं तरी विकू नये. पान कोरं ठेवावं. धाकटा आला तर ते त्याचं, बिनशर्त.

वकीलबाईंनी हे कलम मोठ्यानं वाचलं. वाचताना दोनदा थांबल्या, माझ्या अक्षरामुळे नाही. दलालाच्या हातातला चहा तसाच राहिला होता. मी म्हटलं, "ऐकलंत? आता सांगा तुमच्या गिऱ्हाइकाला." त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं, चिडला.

कलम पाचवे. दुकानाची मूळ पाटी. ती इतकी वर्षं माझ्या पलंगामागं भिंतीकडे तोंड करून उभी आहे, कारण रोज बघवत नाही. ती धाकट्याची, आणि तो येईपर्यंत थोरल्यानं तिला धक्का लावायचा नाही. साक्षीदारांना कळावं म्हणून खूण लिहून ठेवते. 'वळणदार' मधल्या ळ च्या दोन पोटांपैकी एक हिरवं आहे. धाकटा तेव्हा हातभर होता. मी अक्षरं लाल भरत होते, तो बाजूला हिरवा डबा घेऊन. मी पाणी प्यायला उठले तर यानं अक्षर भरायचं सोडून अक्षराचं पोट भरून ठेवलं. ह्यांनी विचारलं, "हे काय केलंस?" तर म्हणतो, "त्याला भूक लागली होती." आमच्या यांनी आयुष्यात एक वाकडी रेघ खपवली नाही, पण ते हिरवं पोट पुसलं नाही. गिऱ्हाइकं विचारायची, त्यांना सांगायचे, "ते अक्षर जेवलेलं आहे."

हे वाचून झाल्यावर थोरल्यानं आणि इस्त्रीवाल्यानं पलंग सरकवून पाटी फिरवली. एवढ्या वर्षांनी रंग जागच्या जागी. मी हातानं धूळ पुसली. दलाल स्टुलावरून उठून पाटीपाशी आला आणि नुसता बघत राहिला.

"आजी," म्हणाला, "गिऱ्हाइकाबद्दल बोलायची आम्हाला मुभा नसते."

"मग बोलू नका," थोरला म्हणाला.

"थांब रे," मी म्हटलं. "बोला."

"मी त्यांना एकदा विचारलं, कोऱ्या पानासाठी दर वर्षी एवढा हट्ट का? तर म्हणाले, माझ्या वडिलांच्या पाटीवरचं नाव आहे, त्यातल्या एका अक्षराचं पोट मी भरलंय. मला वाटलं, थोडी घेऊन बसलेत."

नातच आधी बोलली. "मालकाचं नाव आम्ही झाकून ठेवतो. काकाला कसं कळणार कोण आहे ते."

"मुदत का चुकली त्याची?" मी विचारलं. मला तेवढंच विचारायचं होतं.

"दवाखान्यात होते तेव्हा. बरेच दिवस. बाहेर आले तोवर नाव गेलं होतं. आता बरे आहेत आजी, चांगले आहेत. तेव्हापासून मला परत मिळवून द्या म्हणतात."

"आणि तुम्ही त्याला काय सांगत होतात आमच्याबद्दल?"

तो खाली बघायला लागला. "सांगत होतो की मालक कुणी भुजंग आहे, धनावर बसलाय. ना विकतो, ना वापरतो. माफ करा."

सगळ्यात आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग मी. बघा म्हणजे. तो ज्या दारावर दर वर्षी थाप मारत होता त्या दाराला आतून कडी लावून मी बसले होते, त्याचीच वाट बघत. एक फोटो लावला असता तर केव्हाच कळलं असतं. पण भिंत त्याची होती. आम्ही काय करणार, ब्रश लावायची रीत नाही.

दलालानं तिथूनच फोन लावला. आधी स्वतः बोलला, हळू. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "विचारतायत, बाबा आहेत का?"

मला वाटलं मीच सांगावं, पण थोरल्यानं त्याच्या हातातून फोन घेतला. हाच, विकून टाक म्हणणारा. "मी दादा बोलतोय," म्हणाला. "बाबा गेले रे." मग बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाही नाही, रागात नाही. रोज तुझ्या भिंतीसमोर बसायचे. मापं घेऊन ठेवलीत त्यांनी." एवढं बोलून त्यानं फोन माझ्या कानाला लावला.

मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हटलं, "भुजंग बोलतोय."

तिकडं तो हसला. हुबेहूब यांचं हसणं, आधी नाकातून, मग मोकळं. मी डोळे मिटून घेतले. एवढं ऐकलं तरी मृत्युपत्र झालं असं वाटलं.

"पान तसंच आहे ना?" म्हणाला.

"तसंच आहे. ये आणि काय लावायचं ते सांग."

कलम सहावे आणि शेवटचे. वर खोडायचं नाही म्हणून खाली लिहिते. कलम चारमध्ये "धाकटा आला तर" असं आहे, तिथं "आल्यावर" असं समजावं. कलम तीनमधले ब्रश नातीकडून त्याला द्यावेत. पाटी परत भिंतीकडे वळवू नये. दलालाला या व्यवहारात काहीच सुटणार नाही, तरी त्याला पुढच्या वेळी स्टूल देऊ नये, खुर्ची द्यावी. बाकी सगळं लिहिल्याप्रमाणे. मला इतक्यात मरायची घाई नाही, विशेषतः या आठवड्यात, तरी कागद पक्का असावा म्हणून सगळ्यांदेखत सही करते. अंगठा नाही, सही. ळ असता माझ्या सहीत तर त्याचंही पोट भरलं असतं.

सही: पेंटरची बायको
साक्षीदार: खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार: समोरचा इस्त्रीवाला (शिडी परत करायचं त्यानं आजच कबूल केलं आहे)
ठिकाण: माझी खोली, खिडकीपाशी
तारीख: वकीलबाई घालतील. वार बुधवार.

नावांचा दलाल आणि त्याचं गिऱ्हाईक, दोघं परत येतो म्हणालेत तो वार: रविवार.